कोरडी खोली

कैलास दुपारीच परतला. लोणावळ्याच्या अलीकडे रस्त्यावर पाणी आलं होतं, पार्सल द्यायचं राहूनच गेलं. कार्ल्यातल्या घराच्या ओट्यावर रेनकोट झटकून तो आत आला, तर कार्डांच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं.

ते दार कधी उघडं राहत नसे. क्रिकेटपटूंची जुनी कार्डं जमवून तो ठिकठिकाणच्या शौकिनांना विकायचा. गेल्या पावसाळ्यात ओल लागून बरीचशी वाकली, काहींवर बुरशी धरली. तेव्हापासून या खोलीत एसी होता, हवेतली ओल शोषणारं यंत्र होतं, आणि आत कुणी जायचं नाही असा नियम होता. घरात होतं तरी कोण? तो आणि आई.

त्याने दार ढकललं. रॅकला पाठ टेकून झुंबरबाई जमिनीवर बसली होती. डोळे मिटलेले. चाहूल लागताच ती रॅकला धरून उठू लागली.

"कशाला बी हात लावला न्हाई मी."

"आई, किती वेळा सांगितलं, दार उघडलं की बाहेरची दमट हवा..."

बोलता बोलता तो थांबला. काहीतरी वेगळं वाटत होतं. मग लक्षात आलं. आईच्या छातीतली घरघर ऐकू येत नव्हती. आषाढ लागल्यापासून ती घरघर घरात रात्रंदिवस होती. भिंतीपलीकडून ती ऐकत ऐकतच तो कार्डं पाकिटात घालायचा.

"रोज येतेस इथं?"

"तू भाईर गेलास की. घडीभर. लय मोकळं वाटतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुजा धंदा हाय त्यो."

तो तिच्या खोलीत गेला. भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडली होती. उशाशी दम्याचा पंप. गोधडीला हात लावला, तर ती गार, ओलसर लागली. ती त्याने तशीच ठेवली. स्वतःची गादी उचलून आणली, खोकी एका बाजूला सरकवली आणि रॅकखाली अंथरली.

"आजपासून तू इथंच झोपायचं."

"आन् कार्डं?"

"राहतील."

चहा करून तो परत आला, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. नाकातोंडावर पदर घट्ट धरलेला.

"थंडी वाजतेय का? एसी कमी करू?"

"न्हाई रं," पदराआडून आवाज आला. "मानसाच्या श्वासात बी वल असती. कार्डास्नी लागंल."

कैलासने कप खाली ठेवला. शेजारी बसून त्याने पदर हळूच बाजूला केला. तिने तो पुन्हा नाकावर ओढला.

थोड्या वेळाने तिला झोप लागली. पदर धरलेली मूठ मात्र सुटली नव्हती.