गुरुवारचे पाहुणे

"तो लॅपटॉप मिट आणि निळा ड्रेस घाल," आई दारातूनच म्हणाली. "पाहुणे यायलेत."

"कोण पाहुणे?" स्वरूपाने विचारलं.

"बाबांच्या ओळखीचे. तुझ्याशी बोलायचंय त्यांना." आईने नजर चुकवली. "हसून बोल म्हणजे झालं."

स्वरूपाने लॅपटॉप मिटला.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं सेमिस्टर सुरू होतं आणि नेमकं काय शिकावं याचा घोळ काही मिटत नव्हता. वर्गातल्या निम्म्या मुली हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या आशेने जावा घोकत होत्या. सर म्हणत, पायथॉन धरा, एआयचे दिवस आहेत. हिचं मन मात्र भलतीकडेच अडकलेलं. बाबा, म्हणजे सोपानराव, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. तिथल्या फॅमिली डेला तिने वेल्डिंग करणारा रोबोट पाहिला आणि तेव्हापासून ती सिम्युलेटरवर रोबोटचे प्रोग्रॅम लिहीत बसायची. मैत्रिणी खिदळायच्या, "इंजिनिअर होऊन शेवटी वेल्डिंगच करणार का गं?" तरी आज सकाळी चहा पिताना तिने मनाशी पक्कं केलं होतं की शिकायचं तर हेच.

फक्त नोकरी मिळायला हवी होती, आणि तिथेच सगळं अडत होतं. कॉलेजात दोन कंपन्या येऊन गेल्या. दोन्ही वेळा समोरच्यांनी प्रश्न विचारला आणि हिची वाचाच बसली. स्वतःचं नावसुद्धा धड सांगता आलं नाही.

आणि आता हे पाहुणे! चुलतबहीण विजयश्रीचं अगदी असंच झालं होतं. "जरा बोलून तर बघ," म्हणाले आणि डिग्री हातात पडायच्या आत तिची रवानगी पुनावळ्याला झाली. तिचा लॅपटॉप आता तिचा दीर वापरतो.

गुरुवार होता, कंपनीच्या सुट्टीचा दिवस. सोपानराव सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी येरझाऱ्या घालत होते. गाडी आली तसे ते पायात चपलाही न घालता खाली धावले. बापाची ही लगबग पाहून स्वरूपाला रडूच यायला लागलं.

जयमालाबाई पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोबत तिशीचा, लाजराबुजरा तरुण.

"हा आमचा गणराज," त्या सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "आमी मूळचे चाकणचेच. शेतात शेड टाकली, आता तिथंच सगळा पसारा हाय. याच्याच जिवावर चाललंय म्हणा."

स्वरूपाने पोहे पुढे केले. गणराजने लॅपटॉपची बॅग मांडीवरून बाजूला ठेवली आणि तो मान खाली घालून खायला लागला. दिसायला बरा होता. त्यानेच तिला जास्त भीती वाटली.

"मग पोरी, शिकून पुढं काय करायचं ठरवलंस?" जयमालाबाईंनी विचारलं.

अशा लोकांना शिकलेली, कमावती सून हवी असते, हे स्वरूपा ऐकून होती. मग आपण ढ आणि आळशी ठरलेलंच बरं.

"काहीच नाही ठरवलं," ती म्हणाली.

"काका म्हणत होते, तुम्हाला रोबोटचं प्रोग्रॅमिंग येतं," गणराजने हळूच मान वर केली.

म्हणजे बाबांनी आधीच जाहिरात करून ठेवली होती!

"ते होय? नुसती गंमत. व्हिडिओ बघून कॉपी करते मी. आतलं काही कळत नाही."

"अगं, असं काय बोलायलीस?" सोपानराव कासावीस झाले. "परवा मला दाखवलंस ते?"

"ते मैत्रिणीने करून दिलं होतं, बाबा."

तिचं तिलाच नवल वाटलं. जीभ कशी घडाघडा चालत होती!

"चाकणला यायची तयारी हाय का?" जयमालाबाईंनी विचारलं.

"छे! धूळ सोसत नाही मला. शिवाय सकाळी लवकर उठवत नाही, आणि कुणी काम सांगितलं की माझं डोकंच फिरतं."

आईने चहाचा ट्रे मध्येच पुढे केला. जयमालाबाई हसल्या. "खरं बोलती पोरगी. बरं वाटलं." त्यांनी चहा संपवला. गणराजने बॅग न उघडताच खांद्याला लावली, आणि सोपानराव त्यांना पोचवायला खाली गेले.

स्वरूपाने उरलेले पोहे पातेल्यातच खाल्ले. छातीवरचं ओझं एकदाचं उतरलं होतं. बाबा रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग विसरतील. अख्खं सेमिस्टर आता तिचं होतं. तिने लॅपटॉप उघडला.

सोपानराव परत आले आणि दाराशीच खुर्चीत बसले.

"कधीपासून ये म्हणाल्या?" आईने घाईने विचारलं.

त्यांनी इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"त्यांच्या शेडमधले रोबोट चालवणारा गणराज पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललाय," ते म्हणाले. "त्याच्या जागेवर आता दुसरं कुणी बघणार म्हणाल्या." मग त्यांनी स्वरूपाकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "इंटरव्ह्यू म्हणलं की तुझी बोबडी वळते, म्हणून हातापाया पडून मी मॅडमना घरी बोलावलं होतं, बाळा."