शेवटचा बाक

"आई, लागला एकदाचा वर्ग!" सुनेने मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवला आणि ती बाहेर सटकली.

गणिताच्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. बेचाळीस काळे चौकोन. एक चेहरा दिसेल तर शपथ! बत्तीस वर्षं ज्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाईंना या मेल्या चौकोनांपुढे घाम फुटायचा. शाळा ऑनलाइन झाल्यापासून दोन महिने झोप उडाली होती. शेवटी काल त्यांनी राजीनामा लिहिला आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.

मुख्याध्यापक त्यांचाच जुना विद्यार्थी, शाळेत असताना कायम शेवटच्या बाकावरचा. "बाई, उद्या तुमच्या तासाला बसतो," तो म्हणाला होता, "मग बघू सहीचं." त्रेचाळिसावा चौकोन त्याचा. तोही काळाच.

बघ बाबा, तूही बघ माझी फजिती, असं मनाशी म्हणत बाईंनी पाठ फिरवली आणि कपाटाला टेकवलेल्या फळ्यावर समीकरण मांडलं. पहिली ओळ. दुसरी. खडू चालू लागला तसा हात सैलावला. तिसऱ्या ओळीला, मागे वळूनही न बघता, बाई सवयीने कडाडल्या,

"शेवटचा बाक! तोंडातलं आधी बाहेर काढ!"

ही त्यांची जुनी युक्ती. कोण काय खातंय हे त्यांनी कधीच पाहिलेलं नसायचं. पण वर्ग म्हटला की कोणीतरी चरत असायचंच. आज मात्र बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. इथे कुठला आलाय बाक! झालं, आता पोरं हसणार आणि तो सही करणार.

"सॉरी बाई, बिस्किट होतं."

बाई गर्रकन वळल्या. एक चौकोन उजळला होता. पाठोपाठ दुसरा. "बाई, चॉकलेट." "बाई, मी फक्त दोनच द्राक्षं..." बघता बघता अकरा ओशाळलेली तोंडं समोर आली.

"पण बाई, कॅमेरा बंद होता ना? तुम्हाला दिसलं कसं?"

"पाठीला डोळे आहेत मला!" म्हणताना बाईंना असं काही हसू फुटलं की खडूच हातातून पडला. दोन महिन्यांत त्या पहिल्यांदा पोटभर हसल्या.

तेवढ्यात त्रेचाळिसावा चौकोन उजळला. दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीला केकचा चुरा.

"सॉरी बाई," तो कसाबसा घास गिळत म्हणाला.

"उभा राहा," बाई म्हणाल्या. "आणि माझा तो कागद फाडून टाक."

एवढे मोठे मुख्याध्यापक, निमूट उभे राहिले.