फुकट चॅनेलची डिश

"चित्र आलं का गं?" गच्चीवरून ह्यांनी विचारलं.

मला न विचारता ह्यांनी केबल बंद केली, तेव्हापासून आमचा अबोला होता. आज पाचवा दिवस. फुकट चॅनेलची डिश स्वतःच बसवायला घेतली, म्हणून बोलणं भाग पडलं.

चित्र आलं. मालिकेचं गाणंही सुरू झालं. मी घाईघाईने आवाज बंद केला. "अजून नाही. नुसता निळा पडदा दिसतोय."

"आता?"

"थोडी डावीकडे फिरवा. उन्हात टोपी घातलीत ना?"

"घातली. भाजी कसली केलीस?"

"तोंडल्याची. फिरवा अजून."

अर्धा तास असंच चाललं. शेवटी मीच "आलं" म्हणाले.

घाम पुसत हे खाली आले. "डिश फिरवून फिरवून हात भरून आले."

मी मान डोलावली. डिश जराशी हलली तरी चित्र जातं; त्या अर्ध्या तासात ते एकदाही गेलं नव्हतं.