केंजेबेक आगांची वेळ

सरकारी हुकमानं अल्माटीची घड्याळं तासभर मागं गेली आणि त्याच सकाळी कचेरीतल्या रजा, पगार, हजेरीच्या साइट कुणाला आत घेईनात. तिन्ही एकाच सर्व्हरवर. ते सांभाळणाऱ्या दौरेननं सगळ्यांचे पासवर्ड बदलून पाहिले.

“हा तिसरा रे,” कचेरीतल्या वयस्कर रिमकुल आपाय म्हणाल्या, “माझ्या नातवंडांची नावं संपली.”

दुपारी त्याला उलगडलं. सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरचं घड्याळ हातानं मागं घेतलं होतं, सर्व्हरचं मात्र जुनंच होतं. वेळ जुळेना म्हणून सर्व्हर पासवर्ड नाकारत होता. लॉगिन होत होतं ते एकट्या मोठ्या साहेबांचं, केंजेबेक आगांचं. त्यांना नवी वेळच मान्य नव्हती.

“आगा, सर्व्हरचं घड्याळ मागं घेऊ?”

“माझं चालतंय ना? मग बाकीच्यांची माझ्यासारखी लाव.”

वडीलधाऱ्यांपुढं बोलायची सोय नव्हती. दौरेननं सगळ्या कॉम्प्युटरची घड्याळं पुन्हा पुढं केली. साइट उघडल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे नव्या वेळेनं बरोबर नऊला आले. हजेरीच्या साइटवर सगळ्यांपुढं दहाची वेळ होती. ती पाहून आगांनी दौरेनला बोलावून घेतलं.



“दुरुस्त केलीस ते बरं झालं, पोरा. सगळ्यांचं पितळ उघडं पडलं. अख्खी कचेरी तासभर उशिरा येते, तूसुद्धा.”