बाजेवरची काजळी

गेल्या गाळप हंगामात कारखान्याच्या काजळीनं छाती भरून सहादेव गेला. त्याचं पाऊल उमटतं का बघायला त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, रीतीप्रमाणं दिव्याजवळ पीठ पसरलं. पीठ तसंच राहिलं.

"मामंजी सुटलं म्हनायचं," सून मोनिका म्हणाली.

यंदा साखर कारखान्याचा बॉयलर पेटला आणि अंगणात पुन्हा काजळी पडू लागली. सकाळी सहादेवची रिकामी बाज काळी दिसायची. मधोमध मात्र माणूस निजल्याएवढी जागा स्वच्छ असायची. रतनबाई भोवतालची काजळी हळूच पुसायची, आवाज न करता.

"आत्याबाई, तुमचा खोकला लई वाढलाय," मोनिका आज म्हणाली. "दवाखान्यात जाऊ."

रतनबाई बाजेकडं बघत होती. ती स्वच्छ जागा रात्रीतून कडेला सरकली होती. तो सरकायचा तशीच, तिच्यापुरती जागा ठेवून.