भाऊसाहेबांचं मत

भाऊसाहेब थोरवे मंचाच्या पायऱ्या चढू लागले, तशी सभेत कुजबुज सुरू झाली. ते विरोधी पक्षाचे तालुकाध्यक्ष, आणि सभा होती नगरसेवकपदाला उभ्या राहिलेल्या निवृत्त नर्स शालन गवई यांची.

त्यांनी माइक घेतला. “माझी तिन्ही नातवंडं या सिस्टरबाईंच्या हातावर जन्मली. यंदा माझं मत यांना. तुमचंही द्या.”

टाळ्या थांबेनात. शालनताईंना हसू आवरेना, भाषणाचा कागद कुठे ठेवला तेही आठवेना. तेवढ्यात भाऊसाहेबांना पक्ष कार्यालयातून फोन आला.

“पदावरून काढलं मला,” ते म्हणाले आणि खुर्चीला धरून हसत सुटले. “तीस वर्षांत पहिल्यांदाच ऐन निवडणुकीत मोकळा झालो.”

“मोकळे कुठले, भाऊ?” शालनताई म्हणाल्या. “चला, अजून चार गल्ल्या फिरायच्यात.”