मागच्या भिंतीतलं दार

"मागचं दार यादीतून उडवा," नवरा मिस्त्रीला म्हणाला. "निम्मा खर्च तिथेच वाचेल."

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि हिशेबाचा कागद उलगडला. तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी गेली. खडूने आखलेल्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"हे दार होणार."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिने कशाचा हट्ट धरल्याचं त्याला आठवत नव्हतं. आता ती भिंतीपासून हलायला तयार नव्हती.

"अगं, सगळा भार याच भिंतीवर आहे. वर लोखंडी तुळई घालावी लागेल. आणि मागे नुसता बोळ! कोण येणार-जाणार तिथून?"

"ओट्याला भारीतला दगड नको. चिमणी नको. कपाटांना दारंही नकोत, मी पडदे शिवीन. सगळं खोडा, मिस्त्री. एवढं दार ठेवा."

"वहिनी," मिस्त्री हसला, "पुढचं दार चांगलं धडधाकट आहे की."

त्या पुढच्या दारात प्लंबर उकिडवा बसून गॅसच्या ज्योतीने जुना पाइप तापवत होता. शेजारी रंगाच्या डब्यापाशी टर्पेंटाइनने भिजलेलं फडकं पडलं होतं. ते कधी पेटलं, कुणालाच कळलं नाही. भप्पकन आवाज झाला आणि उंबऱ्यावर कमरेएवढा जाळ उठला.

प्लंबरने ओलं पोतं टाकलं. जाळ विझला. सगळं मिळून चार-पाच क्षणांचं काम. "बाप रे, जीवच गेला होता," असं म्हणत नवरा बायकोकडे वळला.

तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. दोन्ही तळव्यांनी ती खडूच्या चौकटीच्या आत चाचपत होती. कडी शोधत असल्यासारखी. वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर.

त्याने तिचे हात धरले. नखांत चुना भरला होता.

"विझलंय गं. बघ इकडे. विझलं."

"शेगडी दारातच होती," ती म्हणाली. "आई आत होती. मी अंगणात, सात वर्षांची. बादल्या ओतेपर्यंत उशीर झाला."

"पण तू तर म्हणाली होतीस, आई तापाने गेली."

"मागच्या भिंतीवर तिच्या बोटांचे ठसे होते."

तिचे हात न सोडता त्याने मान वळवली.

"मिस्त्री," त्याने विचारलं, "हे दार जास्तीत जास्त किती रुंद करता येईल?"